विजेचा तंत्रज्ञ : त्याचे काम, त्याचे कसब आणि आपला संबंध



गळीत हंगामात आपण उसाच्या गाडीबरोबर कारखान्यावर आलात की वजनकाटा दिसतो, गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्या दिसतात, मिलचे रोलर दिसतात, साखरेची पोती दिसतात. वीज मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यावर राबणारा माणूसही सहसा दिसत नाही. तो दिसतो तेव्हा मिल बंद पडलेली असते आणि सगळे त्याच्याकडेच बघत असतात. गावातही तसेच. पंप चालू आहे तोवर वायरमनची आठवण कुणाला होत नाही. मोटार जळाली की पहिला निरोप त्यालाच जातो.

या लेखात या माणसाच्या कामाची माहिती द्यायची आहे. ती दोन कारणांसाठी उपयोगी पडेल. एक म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरात दहावी-बारावीची मुले-मुली आहेत आणि त्यांनी पुढे काय शिकावे हा प्रश्न आहे. दुसरे म्हणजे विजेच्या कामातले चार नियम माहीत नसल्यामुळे विहिरीवर आणि डीपीजवळ माणसे दगावतात. हे दुसरे कारण जास्त मोठे आहे.

तंत्रज्ञ म्हणजे कोण?

आपण बोलताना विजेचे काम करणाऱ्या सगळ्यांनाच वायरमन म्हणतो. प्रत्यक्षात पायऱ्या वेगळ्या आहेत. तारा ओढणे, जोडण्या करणे, फिटिंग करणे हे वायरमनचे काम. यंत्राचा आराखडा ठरवणे, किती क्षमतेची मोटार, कोणती केबल घ्यायची याचा हिशेब मांडणे हे इंजिनियरचे काम. तंत्रज्ञ या दोघांच्या मधे उभा असतो. त्याला नकाशा वाचता आला पाहिजे आणि हातात पाना-पक्कडही धरता आली पाहिजे. इंजिनियरने कागदावर जे मांडले ते यंत्रात तसेच घडते आहे की नाही हे तो मोजून पाहतो. आणि घडत नसेल तर का घडत नाही याचा शोध घेतो. मोजणे आणि शोधणे हेच त्याचे खरे काम आहे. बाकी सगळे त्याच्या मागून येते.

कारखान्याचे पॉवर हाऊस

साखर कारखाना आपली वीज आपणच तयार करतो. उसाचा रस निघाल्यावर उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या उष्णतेने वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते आणि टर्बाईनला जोडलेला अल्टरनेटर वीज देतो. टर्बाईनमधून काम करून बाहेर पडलेली वाफ रस तापवायला आणि आटवायला वापरली जाते. एका वाफेतून दोन कामे होतात, हे साखर धंद्याचे वैशिष्ट्य आहे.

आपल्या देशात विजेची वारंवारता ५० ठरलेली आहे, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो. चार ध्रुवांचा अल्टरनेटर असेल तर त्यासाठी तो मिनिटाला बरोबर १५०० फेरे फिरला पाहिजे. मिलवर एकदम ऊस जास्त आला की भार वाढतो, टर्बाईन दबते, फेरे कमी होऊ लागतात. मग गव्हर्नर वाफेची झडप आणखी उघडतो आणि वेग पूर्ववत करतो. हे आपोआप होते खरे, पण पॅनेलवरचा तंत्रज्ञ व्होल्ट, अँपिअर, वारंवारता आणि बेअरिंगचे तापमान ठरल्या वेळी वहीत नोंदवतच असतो. चार दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एखाद्या बेअरिंगचे तापमान रोज थोडे थोडे चढते आहे हे कळते. बेअरिंग बसण्याआधी ते बदलायचे, की बसल्यावर सहा तास मिल बंद ठेवायची, हा फरक त्या वहीमुळे पडतो.

सहवीजनिर्मिती असलेल्या कारखान्यात आणखी एक नाजूक काम असते. आपला अल्टरनेटर बाहेरच्या ग्रिडला जोडताना दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे, वारंवारता सारखी, फेजचा क्रम सारखा आणि दोन्ही लाटांचा ठेका एकमेकांवर अचूक बसलेला असावा लागतो. दोन बैल एका जुवाला जुंपताना पावले जुळली पाहिजेत, तसाच हा प्रकार. घाईने चुकीच्या क्षणी स्विच दाबला तर अल्टरनेटरच्या दांड्याला जबरदस्त हिसका बसतो. अशा वेळी कोट्यवधी रुपयांचे यंत्र काही क्षणांत निकामी होऊ शकते. यंत्रणा कितीही आपोआप चालणारी असली तरी समोर समजणारा माणूस लागतोच.

पॉवर हाऊसबाहेर मोटारींचे राज्य आहे. गव्हाण, फायब्रायझर, मिल, रसाचे पंप, इंजेक्शन पंप, सेंट्रिफ्यूगल मशीन – सगळीकडे मोटारी. सेंट्रिफ्यूगलची मोटार मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते, थांबते, पुन्हा पळते. दिवसभर तिचे हेच चालू. सभोवती बगॅसची धूळ, बॉयलरची राख, रसाची वाफ. ही धूळ मोटारीच्या पंख्यावर आणि खाचांवर बसली की तिला हवा मिळत नाही आणि ती तापते. गुंडाळीवरच्या आवरणाबाबत या धंद्यात एक ठोकताळा आहे : ठरल्या मर्यादेपेक्षा तापमान १० अंशांनी जास्त राहिले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणून मोटारीवरून फडके मारणे हे क्षुल्लक काम समजू नये.

हे काम तीन पाळ्यांत चालते. रात्री दोन वाजता गव्हाणीची मोटार बंद पडली तरी तंत्रज्ञ जागेवर लागतो. कारण गव्हाण थांबली की मिल थांबते, यार्डात गाड्या तुंबतात आणि तोडलेला ऊस वाळू लागतो. त्यात वजनाची तूट सभासदाची आणि उताऱ्याची तूट सगळ्यांची. म्हणजे त्या एका मोटारीचा संबंध शेवटी आपल्या बिलाशी आहे.

हंगाम संपला की काम संपले असे नाही. उलट खरी देखभाल तेव्हाच होते. मोटारी उघडून धुणे, वाळवणे, व्हार्निश देणे, बेअरिंगला ग्रीस भरणे, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी करणे, रिले तपासणे, अर्थिंगचा रोध मोजणे, ही सगळी कामे पावसाळ्यात उरकावी लागतात. ट्रान्सफॉर्मरच्या श्वासनळीत निळे स्फटिक भरलेले असतात. ओलावा शोषला की ते गुलाबी होतात. ते गुलाबी दिसूनही तसेच ठेवले तर ओलावा तेलात उतरतो आणि मोठा खर्च उभा राहतो.

दोष शोधायचा कसा?

आता आपल्या विहिरीवर येऊ. स्टार्टर दाबला, मोटार ‘घुं’ करते पण फिरत नाही. अशा वेळी आपण काय करतो? दोनतीनदा पुन्हा दाबून बघतो. तंत्रज्ञ तसे करणार नाही. तो आधी मोटार बंद ठेवून तिन्ही फेजमधले व्होल्टेज दोन दोन करून मोजेल. एक फेज गेला असेल तर तिथेच कळेल. मग फ्यूज, मग स्टार्टरचे टिकले, मग केबल, मग मोटार, असा क्रमाने पुढे जाईल. क्रम सोडून उड्या मारणारा माणूस दिवसभर खटपट करतो आणि चांगली मोटार उघडून बसतो.

इथे एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. मोटार चालू असताना एक फेज गेला, तर ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, आणि गेलेल्या फेजवरही स्वतःच थोडेफार व्होल्टेज तयार करते. त्यामुळे टेस्ट लॅम्प लावला तरी तो पेटतो आणि आपल्याला वाटते तिन्ही फेज आहेत. म्हणून जाणकार माणूस चालू मोटारीचे व्होल्टेज बघून थांबत नाही, तो टाँग टेस्टरने तिन्ही तारांतला प्रवाह मोजतो. एका तारेत शून्य आणि दोन तारांत जादा दिसले की निदान झाले. भार तोच राहिला तर त्या दोन तारांतला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो. मोटार जळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे कारण कमी व्होल्टेज. व्होल्टेज उतरले तरी पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तापते. यावर उपाय म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले बसवलेला असतो. प्रवाह जास्त झाला की तो मोटार बंद करतो. पण आपण म्हणतो, ‘सारखा पडतोय, जरा पुढं सरकवा.’ मग रिले पुढे सरकतो, किंवा फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार बसते. फ्यूज मुद्दाम अशक्त ठेवलेला असतो, तो जळावा आणि मोटार वाचावी म्हणून. तो बळकट केला तर जळण्याची पाळी मोटारीवर येते. रिले पडतो याचा अर्थ तो बिघडला असा नव्हे; तो काहीतरी सांगतो आहे.

डीपीचा हिशेब

पंपांसाठी जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला आपण डीपी म्हणतो, त्याचा साधा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा. १०० केव्हीएचा डीपी एका फेजला सुमारे १३९ अँपिअर देऊ शकतो. ५ एचपीची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर घेते. म्हणजे अशा १८ मोटारी त्या डीपीवर एका वेळी चालू शकतात; १३५ अँपिअर झाले. इथवर सगळे ठीक.

पण मोटार चालू होताना पहिले काही क्षण सहा पटीपर्यंत प्रवाह मागते, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर. आता आपण स्टार्टरला ऑटो स्विच बसवला आहे. रात्री लाईट आली की अंथरुणातून उठायला नको, ही सोय. सगळ्यांनीच तो बसवला, तर लाईट येताक्षणी १८ मोटारी एकदम उठतात आणि ८१० अँपिअरची मागणी करतात. डीपी तेवढे देऊ शकत नाही. व्होल्टेज कोसळते, कोणतीच मोटार नीट वेग घेत नाही, सगळ्या घुमत राहतात आणि प्रवाह ओढत राहतात. मग फ्यूज उडतात, नाहीतर डीपी जळतो. नवा डीपी येईपर्यंत अठराही घरांचा ऊस वाळतो. त्यात आकडा टाकून चाललेल्या दोनचार मोटारी असतील तर हिशेब आणखी बिघडतो.

उपाय अवघड नाही. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवावे : ऑटो स्विच काढायचे आणि लाईट आल्यावर पाच पाच मिनिटांच्या अंतराने पाळीपाळीने मोटारी लावायच्या. दुसरे, प्रत्येक मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआर लागतो. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ पर्यंत गेला तर तारेतला प्रवाह सुमारे सहाव्या हिश्श्याने उतरतो. वर १३५ अँपिअर आले होते, ते ११४ च्या आसपास येतील. डीपी तोच, तारा त्याच, पण सर्वांनाच थोडे बरे व्होल्टेज मिळेल. पाणी वाटून घेण्याची पाळी आपल्याला माहीत आहे. विजेलाही पाळी लागते.

जिवाशी गाठ

आता सर्वांत महत्त्वाचे. ‘फ्यूज आहे ना, मग शॉक लागला तर तो उडेल,’ हा समज फार घातक आहे. ओल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. पूर्वीचा ६० वॅटचा दिवा जेवढा प्रवाह घेई जवळपास तेवढाच. १५-१६ अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. पण माणसाच्या हृदयाचा ठोका बिघडवायला याच्या किती तरी कमी प्रवाह पुरतो. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसासाठी दोन गोष्टी असतात : पक्के अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच, ज्याला बाजारात आरसीसीबी म्हणतात. घराच्या बोर्डात तो जरूर बसवून घ्यावा. विहिरीवरची मोटार आणि स्टार्टरची लोखंडी पेटी यांना अर्थिंग आहे ना हे दर पावसाळ्यापूर्वी परवानाधारक माणसाकडून तपासून घ्यावे.

तंत्रज्ञ काम करताना एक ठरलेला क्रम पाळतो. आधी पुरवठा बंद. मग तो कुणी पुन्हा लावू नये म्हणून कुलूप आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी. मग प्रत्यक्ष मोजून खात्री की वीज खरोखर नाही. मग तार जमिनीला जोडणे. त्यानंतरच हात. कपॅसिटर असेल तर बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते, ती उतरवूनच पुढे जायचे. काम संपल्यावर ज्याने कुलूप लावले त्यानेच काढायचे, दुसऱ्या कुणी नाही. वीस वर्षे काम केलेला माणूसही यातली एक पायरी वगळत नाही, आणि वगळणारा वीस वर्षे काम करत नाही.

आता गावातल्या डीपीवर काय चालते ते पाहा. पेटी उघडी, काठीने फ्यूज काढणे-घालणे चाललेले, ‘लाईट गेलीय, वर चढ’ असे म्हणत एखादा धीट पोरगा खांबावर. हँडल ओढले म्हणजे तिन्ही पाती सुटलीच असे नसते. एखादे अडकून राहते. शिवाय कुणाच्या घरी जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय थेट जोडलेला असेल, तर त्याची वीज उलटी लाईनवर चढते आणि खांबावरचा माणूस बंद तारेवर मरतो. म्हणून साफ सांगतो : डीपी, हँडल आणि खांब हे वीज कंपनीच्या अधिकृत माणसाचेच काम आहे. त्याला यायला उशीर होतो, पीक वाळते, हा राग खरा आहे आणि त्यासाठी तक्रार जरूर करावी. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पण एका पाळीच्या पाण्यासाठी घरचा मुलगा वर चढवू नये.

तुटलेली तार शेतात पडलेली दिसली तर तिच्याजवळ जाऊ नये. आसपासच्या जमिनीतही वीज पसरलेली असते. आपण जवळ असलोच तर दोन्ही पाय जुळवून, अगदी छोटी पावले सरकवत लांब जावे. उसावरून लोंबणाऱ्या ढिल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, ठिणगी पाचटात पडते आणि उभा फड पेटतो. अशा तारा दिसताच वीज कंपनीला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. जनावर खांबाला किंवा ताणाच्या तारेला बांधू नये.

कुणाला घरच्या किंवा विहिरीवरच्या विजेचा शॉक लागला तर आधी स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवावे, हाताने नाही. वरच्या ११ हजार व्होल्टच्या लाईनचा अपघात असेल तर मात्र काठीनेही जवळ जाऊ नये. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबावे. सुटलेला माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. मातीत पुरणे, पाणी ओतणे यात मोलाची मिनिटे जातात. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावे.

शिक्षण आणि परवाना

या कामाकडे येण्याचे दोन सरळ रस्ते आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. देशात कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० पासून चालू आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी करता येते, आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते. दुसरा रस्ता म्हणजे दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका. दोन वर्षांचे आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे, म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाता येते. मुलींनाही हे दोन्ही रस्ते खुले आहेत.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे लगेच कुठेही हात घालायची मुभा मिळाली असे नाही. वीज निरीक्षकांच्या यंत्रणेकडून तारतंत्रीचा परवाना आणि पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरी वायरिंग करून घेताना हा परवाना बघायला मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो मागावा, संकोच करू नये.

मूल कसे असावे? गणित बरे असावे, त्याहून जास्त म्हणजे धीर असावा. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, कारण फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या तारा रंगावरूनच ओळखायच्या असतात. रात्रपाळी करायची तयारी हवी. आणि भीती हवी. विजेला मुळीच न भिणारा मुलगा या धंद्यात घालू नये.

काम बदलतेही आहे. मिलच्या मोटारींचा वेग आता इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह सांभाळतात, पॅनेलच्या जागी पडदा आला आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून शेतावर सौरपंप आले. सौर पॅनेलवर ऊन आहे तोवर वीज बंद करता येत नाही, आणि तिथला एकदिश प्रवाह एकदा ठिणगी धरली की सहज सोडत नाही. म्हणजे जुना वायरमनही नव्याने शिकल्याशिवाय तिथे उपयोगी नाही. शिकलेल्या हातांची गरज कमी होणार नाही.

शेवटी तीन विनंत्या. आपल्या डीपीवरच्या सर्वांनी येत्या पंधरवड्यात एकदा बसून ऑटो स्विच आणि पाळी यांचा निर्णय करावा. पावसाळा येण्यापूर्वी मोटारीचे अर्थिंग तपासून घ्यावे. आणि गावात जो परवानाधारक तंत्रज्ञ आहे, त्याने ‘आधी बंद करा, मग हात लावतो’ असे म्हटले तर त्याला घाई करू नये. त्याच्या त्या पाच मिनिटांत आपलेच हित आहे.